उधव्याचा कोयता आणि धारेची खोळ

मुंबईहून अहमदाबादकडे जाणारा हमरस्ता चारोटी आणि दापचरी मागे टाकून तलासरीला पोचतो. बहुतेक गाड्या तेथून तशाच पुढे गुजरातकडे निघून जातात. उधव्याला जायचे असेल तर मात्र तलासरीला हमरस्ता सोडून पूर्वेकडे वळावे लागते. थोड्याच वेळात मालमोटारींचा घरघराट मागे पडतो आणि दोन्ही बाजूंना भाताची खाचरे, ताडाची झाडे, गवताचे माळ आणि टेकड्यांच्या कुशीतले पाडे दिसू लागतात. आणखी पुढे गेले की दादरा-नगर हवेलीची हद्द लागते. त्यामुळे येथल्या माणसाच्या तोंडी वारली बोली असते, मराठी असते आणि गुजरातीही असते.

हा मुलूख मूळचा ठाणे जिल्ह्याचा. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला, तेव्हापासून उधवा पालघरमध्ये आहे. वारली, कोकणा, धोडी, दुबळा अशा आदिवासी समाजांची येथे वस्ती आहे. पाऊस भरपूर, पण जमीन उताराची असल्यामुळे पाणी धावत निघून जाते. म्हणून मुख्य पीक पावसाळी भात. वरकस जमिनीवर नागली, वरई आणि उडीद. डहाणू-घोलवडकडच्या चिकूच्या बागांची श्रीमंती इकडे नाही. येथली खरी दौलत म्हणजे भाताची कणगी, दारची गुरे आणि माळावरचे गवत.

कृषी विस्ताराच्या नोकरीत या भागात पुष्कळ फिरणे झाले. नवा माणूस उधव्याच्या नाक्यावर घटकाभर उभा राहिला तर एक गोष्ट त्याच्या डोळ्यांत भरल्याशिवाय राहत नाही. रानाकडे निघालेल्या पुरुषाच्या कमरेला मागच्या बाजूस लाकडाची आकडी बांधलेली असते आणि तिच्यात कोयता अडकवलेला असतो. बायांच्या हाती किंवा डोक्यावरच्या पाटीत विळा असतो. शहरातल्या माणसाच्या खिशात जसे पेन, तसा येथे कोयता. त्यावाचून माणूस घराबाहेर पडत नाही.

आणि पडणार तरी कसा? वर्षाचे बारा महिने त्याला काम आहे. उन्हाळ्यात राबासाठी झाडाच्या फांद्या तोडायच्या. त्या फांद्या, पाला, गवत आणि शेण रोपाच्या जागेवर पसरून भाजायचे, म्हणजे तण मरते आणि रोप जोमाने वर येते. पावसाच्या तोंडाशी कुंपणाची काटी तोडायची, घराचा कूड नीट करायचा. आवणी झाली की बांधावरचे गवत कापून गुरांना घालायचे. दसरा-दिवाळीच्या सुमारास भाताची कापणी, तिच्या मागोमाग माळावरच्या गवताची कापणी. मग सरपण आणि बांबू. ताडी काढणाऱ्याचे पाते तर सर्वांत तिखट, कारण ताडाचा पोगा रोज पातळ चकती काढून ताजा ठेवावा लागतो. पाते बोथट असेल तर रस नीट येत नाही.

गवताचे एक जुने माप

गवत आणि विळा यांच्याशी या तालुक्याचा इतिहासही बांधलेला आहे. डहाणू-उंबरगावच्या माळांवरचे गवत एके काळी मुंबईच्या तबेल्यांना जात असे. जमीनदार आणि ठेकेदार ते वारली मजुरांकडून नाममात्र मजुरीवर कापून घेत. वेठबिगारीविरुद्ध शामराव आणि गोदावरी परुळेकर यांनी या लोकांना संघटित केले. २३ मे १९४५ रोजी झरी येथे परिषद भरली. त्याच वर्षी गवतकापणीच्या हंगामात मजुरांनी मागणी केली की पाचशे रत्तल गवत कापण्याबद्दल अडीच रुपये मिळाले पाहिजेत. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला आणि त्यात जेठ्या गांगड हा वारली मारला गेला. गोदावरीबाईंनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात हा सारा काळ लिहून ठेवला आहे.

पाचशे रत्तल म्हणजे आजच्या मापात सव्वादोनशे किलो. एवढे गवत विळ्याने कापायचे म्हणजे किती वेळा डाव्या हाताने मूठ धरायची आणि किती वेळा उजव्या हाताने विळा ओढायचा, याचा हिशेब वाचकांनीच करावा. विळा ओढला जातो तो आपल्याच अंगाकडे. धार आणि डाव्या हाताची बोटे यांच्यामध्ये जेमतेम वीतभर अंतर असते. असे असूनही अनुभवी बाई दिवसभर कापते आणि तिला ओरखडाही येत नाही, कारण काम करताना तिचे सारे लक्ष धारेवर असते.

मग माणसे जखमी होतात कोठे? माझे निरीक्षण असे की गंभीर जखमा कापताना थोड्या होतात, काम थांबल्यावर जास्त होतात. विळा भाऱ्यात खोचून भारा डोक्यावर घेतला आणि बांधावरून पाय घसरला. कोयता आकडीत असताना माणूस उतारावर बसकण मारून पडला. जीपगाडीत दाटीने बसताना पिशवीतला विळा शेजाऱ्याच्या मांडीला लागला. घरात कुडाला खोचलेला कोयता रांगत्या पोराने ओढला. या वेळी धार तीच असते, पण तिच्यावर कोणाचेच लक्ष नसते.

उधव्याजवळच्या एका पाड्यावरची गोष्ट सांगतो. कापणीचे दिवस होते. घरची सून संध्याकाळी गवताचा भारा घेऊन परतत होती. विळा भाऱ्याच्या दोरीत अडकवलेला. ओल्या बांधावर पाय सरकला, भारा खाली आला आणि विळ्याची धार तिच्या पोटरीच्या खाली, टाचेच्या वरच्या शिरेवर बसली. टाके पडले, पायाला प्लास्टर आले आणि ती दोन महिने खाटेवर राहिली. त्या घरात कापणारे हात चार. त्यांतले दोन गेले. शिवाय तिला पाणी द्यायला, पोर सांभाळायला सासू घरी अडकली. भात शेतात वाळून लोंब्या गळू लागल्या, तेव्हा मजूर लावून कापणी उरकावी लागली. त्या वर्षी ते घर भात विकण्याऐवजी विकत घेत होते. विळ्याची किंमत शेदोनशे रुपये असेल, पण उघड्या धारेने घेतलेली किंमत एका हंगामाएवढी झाली.

शासनाची स्व. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. मृत्यू किंवा अवयव निकामी होणे अशा प्रसंगी ती कुटुंबाच्या मदतीला येते. पण दोन महिन्यांच्या खाटेची भरपाई कोणतीही योजना करत नाही. ती काळजी आपली आपणच घेतली पाहिजे.

आकडी चांगली, पण अपुरी

आकडी ही मोठी युक्तीची वस्तू आहे. दोन्ही हात मोकळे राहतात, कोयता हाताशी राहतो आणि झाडावर चढताना आड येत नाही. सगळ्या कोकणात ती आहे. कर्नाटकातल्या कोडगू भागातले लोकही आपला रुंद कोयता पाठीमागे कमरेला, पितळी आकड्यात अडकवतात. फार लांब राहणाऱ्या माणसांना एकच अडचण आली आणि दोघांनी तिच्यावर एकसारखाच उपाय काढला.

कोयत्याला तलवारीसारखे म्यान का नाही, असा प्रश्न कोणी विचारील. कारण साधे आहे. कोयत्याचे पाते पुढे रुंद होते आणि नाकाशी आत वळते. मुठीपाशी ते अरुंद असते. अशा पात्याला बंद म्यान केले तर नाक आत जाईल एवढे तोंड ठेवावे लागते, आणि मग पाते आत खुळखुळते. विळा तर चंद्रकोरीसारखा. तो सरळ म्यानात जाणारच नाही. नेपाळच्या खुकरीला लाकडावर चामडे मढवलेले म्यान असते, पण ते त्याच पात्याच्या मापाने कारागिराने घडवलेले असते. आपल्या शेतकऱ्याला ते परवडणारे नाही. म्हणून आकडी आली. ती कोयता धरून ठेवते, मात्र धार उघडी राहते.

एका पाड्यावर म्हाताऱ्या वारली बाबांच्या कोयत्याला मी वेगळाच प्रकार पाहिला. बांबूची कांडी उभी चिरून तिची एक फाक त्यांनी धारेवर बसवली होती आणि सुतळीने पात्याला बांधली होती. मी विचारले, "बाबा, हे कशाला?" ते म्हणाले, "नातू मागंमागं येतो ना साहेब. त्याचं डोकं माझ्या कंबरेएवढं." मग स्वतःच हसून सांगू लागले की बांबू सुकला की उलतो, वर्षातून दोनदा नवा करावा लागतो, पण त्याला घडीभराचे काम पुरते.

त्या बांबूच्या फाकेत सगळे तत्त्व आले. वाकड्या पात्याला म्यान लागत नाही. फक्त धार झाकली की पुरे. पाठ उघडी ठेवायची आणि खोळ धारेच्या बाजूने चढवायची. हे ध्यानात आले की घरातल्या टाकाऊ वस्तूंतून चांगली टिकाऊ खोळ करता येते. दोन प्रकार सांगतो. दोन्ही पाड्यांवर करून पाहिलेले आहेत.

विळ्यासाठी पाइपची खोळ

ठिबक सिंचनाची जुनी, निकामी झालेली १६ मिलिमीटरची नळी घ्यावी. आसपासच्या बागायतदाराकडे असे तुकडे पडलेले असतात. प्रथम सुतळी घेऊन ती विळ्याच्या धारेवरून, वळणाप्रमाणे, टोकापर्यंत मोजावी. सरळ अंतर मोजू नये, नळी तोकडी पडते. त्या मापापेक्षा दोन बोटे लांब तुकडा कापावा.

तुकडा फळीवर दोन खिळ्यांनी पक्का करून एकाच बाजूने लांबीत सरळ चिरावा. दुसरी बाजू कापली जाऊ देऊ नये. मग तो कढत पाण्यात काही मिनिटे ठेवावा म्हणजे मऊ पडतो. आता हातात गोणपाटाची चौपदरी घडी घेऊन, मुठीच्या बाजूने सुरुवात करून नळीची चीर धारेवर बसवत टोकाकडे जावे. टोकापुढे दोन बोटे नळी उरली पाहिजे. विळ्याचे टोक हेच सर्वांत आधी अंगात शिरते. लगेच वरून थार पाणी ओतावे. नळी विळ्याचे वळण धरते आणि पुन्हा काढली-घातली तरी त्याच आकारात राहते.

टोकाचा उरलेला भाग चेपून तारेने आवळावा. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या दोन पट्ट्या कापून एक मध्ये आणि एक मुठीजवळ, पात्याच्या पाठीवरून चढवाव्यात. नळी ओढली तरी निघत नाही. गोणपाटाची घडी मात्र पहिल्या दिवशीच नव्हे, रोज खोळ चढवताना घ्यावी. नळी कधी फाटली तर धार आणि बोटे यांच्यामध्ये काहीतरी पाहिजे.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने भातकापणीसाठी दातेरी 'वैभव' विळ्याची शिफारस केलेली आहे. त्याने भात जमिनीलगत कापता येते आणि बुडख्यात दडलेल्या खोडकिडीचा बंदोबस्त होण्यास मदत होते. ज्यांच्याकडे तो विळा आहे त्यांनी ही पाइपचीच खोळ करावी. कापड किंवा मऊ रबर दात्यांत अडकते आणि फाटते.

कोयत्यासाठी रबराची खोळ

कोयता जड असतो, त्याला मजबूत खोळ पाहिजे. मालमोटारीची जुनी ट्यूब पंक्चरवाल्याकडे मिळते. जुने जाड चामडे असेल तरी चालेल.

पुठ्ठ्यावर कोयता ठेवून धारेच्या बाजूची रेघ नाकापासून मुठीपर्यंत काढावी. धारेच्या बाहेर अंगठ्याएवढी रुंदी वाढवावी. पाठीच्या बाजूला अर्ध्या पात्यापर्यंत येईल एवढे ठेवले की पुरते. या मापाचे दोन तुकडे कापावेत. तिसरी एक अंगठ्याएवढी रुंद पट्टी धारेच्या वळणाप्रमाणे कापावी. ही पट्टी या खोळीचा प्राण आहे. ती दोन तुकड्यांच्या मध्ये, धारेच्या समोर बसते. ती नसेल तर धार थेट शिवणीच्या दोऱ्यावर येते, आठ दिवसांत दोरा कापला जातो आणि खोळ असूनही नसल्यासारखी होते. ट्यूब पातळ असेल तर पट्टी दुहेरी करावी.

तिन्ही थर एकमेकांवर ठेवून आरीने भोके पाडावीत आणि नायलॉनच्या दोऱ्याने दोन ओळींत शिवावे. एक ओळ बाहेरच्या कडेने, दुसरी तिच्या आत, पण दोन्ही पट्टीवरच. पाठीची बाजू उघडी ठेवावी. तेथे दोन पट्टे लावावेत, ते पात्याच्या पाठीवरून येऊन दुसऱ्या बाजूच्या गाठीत अडकतील असे. नाकाच्या खालच्या कोपऱ्यात एक भोक ठेवावे, म्हणजे आत पाणी साचत नाही.

कोयता या खोळीत मुठीकडून सरकवायचा नाही. धार खाली करून, खोळीच्या उघड्या बाजूने आत उतरवायचा. खोळीसकट कोयता आकडीत बसतो का ते पाहावे. बसत नसेल तर आकडीचा गाळा थोडा तासून घ्यावा. राबासाठी चढताना आणि उतरताना खोळ धारेवरच ठेवावी, फांदीवर नीट बसल्यावरच काढून कमरेला खोचावी.

ठेवणे आणि निगा

खोळ केली म्हणून हत्याराची निगा सुटत नाही. ओला कोयता खोळीत घातला तर रात्रीत गंज चढतो. काम संपल्यावर पाते पुसावे, तेलाचा बोळा फिरवावा आणि मगच खोळ चढवावी. चार महिने वापर नसेल तर खोळ काढून ठेवावी आणि पात्याला जास्त तेल लावून कोरड्या जागी टांगावे. चामड्याची खोळ ओल धरते, तिच्याबाबत तर हे विशेष पाळावे.

घरात कूड किंवा छपराच्या पाचटात कोयता खोचण्याची सवय सोडावी. मोठ्या माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर एक फळी ठोकून तिला खाचा पाडाव्यात आणि सर्व विळे-कोयते तेथेच टांगावेत. खाचा मोजक्या असाव्यात, म्हणजे संध्याकाळी एक रिकामी दिसली की विळा शेतात राहिला हे लगेच कळते. गवतात विसरलेला विळा दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी पायात निघतो.

विळा एकाने दुसऱ्याच्या हातात देऊ नये. खाली ठेवावा, दुसऱ्याने उचलावा. भाऱ्यात विळा खोचू नये. एस.टी., जीप किंवा मोटारसायकल यांवरून नेताना खोळ घालून वर फडके बांधावे. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात. ही कुटुंबे पोराबाळांसह मालमोटारीत बसून मैलोगणती जातात. त्यांच्या बोचक्यातल्या कोयत्यांना अशी खोळ किती गरजेची आहे, हे सांगायला नको.

इतके करूनही कापले तर

जखमेवर स्वच्छ फडके ठेवून घट्ट दाबून धरावे आणि हात किंवा पाय उंच करावा. रक्त थांबते का हे पाहण्यासाठी फडके सारखे उचलू नये. तंबाखू, चुना, राख, शेण यांपैकी काहीही जखमेत भरू नये. शेतातल्या मातीत आणि शेणात धनुर्वाताचे जंतू असतात. म्हणून जखम लहान दिसली तरी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावी आणि धनुर्वाताच्या लशीबद्दल विचारावे. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात उघडी जखम घेऊन उतरू नये. लेप्टोचा ताप अशाच वाटेने येतो. बोटे हलत नसतील किंवा बधिर झाली असतील तर शीर तुटलेली असण्याचा संभव असतो, अशा वेळी घरी थांबू नये. बोट तुटून वेगळे झाले असेल तर ते स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावे, ती पिशवी बर्फात ठेवावी आणि रोग्याबरोबरच रुग्णालयात न्यावी. बोट थेट बर्फावर ठेवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते.

उधव्याकडे आता कापणीयंत्राची जाहिरात पोचली आहे. सपाट, मोठ्या शेतात ते उपयोगी आहे. पण टेकडीच्या उतारावरची लहान लहान खाचरे, बांधाचे गवत आणि राबाची फांदी यांना विळा-कोयताच लागणार. तो आजही येथल्या संसाराचा उजवा हात आहे. ज्या घरात तो आहे त्या घरात त्याची खोळही असली पाहिजे. येत्या कापणीआधी एखादी दुपार काढावी. घरात जेवढे विळे-कोयते असतील तेवढ्यांना खोळी कराव्यात, आणि हे काम घरच्या मोठ्या मुलामुलींकडून आपल्या देखत करून घ्यावे. ज्याने स्वतःच्या हाताने खोळ शिवली, तो ती चढवायला विसरत नाही.